दुखण्यातून उठणे : मनोबल आणि वाङ्मयीन प्रामाणिकपणा

दुखण्यातून उठलेल्या माणसाने आपली हकीकत लिहिली, की तिच्याविषयी बोलताना समीक्षकाचा हात आखडतो. ज्याने मृत्यू जवळून पाहिला त्याच्या लेखनाची चिकित्सा कोणत्या तोंडाने करावी, असा संकोच वाटतो. आणि मग पुस्तक बाजूला राहून आपण लेखकाच्या 'दुर्दम्य मनोबला'चे गुणगान करू लागतो. हा संकोच सौजन्याचा असला तरी त्यातून एक अन्याय घडतो, असे आमचे मत आहे. मनोबलाने रोग हटतो हे एकदा मान्य केले, की ज्याला तो हटविता आला नाही त्याचे मनच दुबळे होते, असा निष्कर्ष आपोआप निघतो. मागे राहिलेल्या कुटुंबावर या निष्कर्षाचा भार पडतो.

हा विचार आम्ही सुरतेत बसून करीत आहो, आणि या गावाचा त्याच्याशी संबंध आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली, तेव्हा लक्षावधी माणसे शहर सोडून गेली. पुढे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले आणि रस्ते झाडणे, कचरा उचलणे, गटारे वाहती ठेवणे ही कामे नेमाने होऊ लागली. काही वर्षांतच सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. शहराचे धैर्य घोषणांनी परतले नाही. रोज पहाटे हाती घेतलेल्या झाडूने ते परतले. माणसाच्या दुखण्यालाही हाच न्याय लागू पडतो काय, हे तीन आत्मकथनांच्या आधारे पाहावे, असा आमचा हेतू आहे.

पहिले आत्मकथन गांधीजींचे. मूळ गुजराती असले तरी सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांच्या अनुवादामुळे ते मराठी वाचकाचेही झालेले आहे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या कामी हिंडत असताना गांधीजींना आमांशाने गाठले. संयमाचा एवढा मोठा उपासक या प्रसंगी काय सांगतो? सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेल्या गोड पदार्थाचा मोह आपणांस आवरला नाही, हे तो सांगतो. एका रात्री आता मरण आलेच असे वाटून आपण धीर सोडला आणि डॉक्टरांनी नाडी पाहिली तेव्हा ती ठीक निघाली, हेही तो लपवीत नाही. पुढे डॉ. तळवलकर केळकर नावाच्या एका महाराष्ट्रीय गृहस्थांना घेऊन आले. बर्फाच्या उपचारांचा नाद असलेल्या या विक्षिप्त माणसाच्या स्वाधीन गांधीजींनी आपले शरीर केले. दूध न घेण्याचे व्रत होते. पण मुंबईस डॉ. दलालांनी दुधावाचून अंगात शक्ती येणार नाही असे सांगितले, तेव्हा शेळीच्या दुधाला हरकत नसावी, ही वाट कस्तुरबांनी काढली. ती वाट गांधीजींनी धरली, आणि व्रताचे अक्षर राखले तरी त्याचा आत्मा दुखावला, हे स्वतःच नमूद करून ठेवले.

या प्रकरणाचे वाङ्मयीन सामर्थ्य या कबुलीत आहे, असे आम्ही मानतो. जगण्याची इच्छा तत्त्वापेक्षा बलवत्तर ठरली, हे ज्याला लिहिता येते त्याचे बळ निराळ्या जातीचे असते. याच अशक्त अवस्थेत रौलट समितीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला आणि १९१९ च्या सत्याग्रहाची बीजे पडली, हा क्रम विसरण्याजोगा नाही.

दुसरे पुस्तक पद्मजा फाटक यांचे 'हसरी किडनी अर्थात अठरा अक्षौहिणी'. मूत्रपिंडरोपणाच्या या हकीकतीचे शीर्षकच विचार करायला लावणारे आहे. अठरा अक्षौहिणी ही दोन्ही पक्षांची बेरीज होय. सात पांडवांच्या, अकरा कौरवांच्या. रोपण झालेल्या देहाला ही उपमा विलक्षण जुळते. परके मूत्रपिंड टिकावे म्हणून रुग्णाला स्वतःच्याच प्रतिकारशक्तीला औषधांनी आवर घालावा लागतो, आणि तोही कायमचा. ज्या सैन्याने रक्षण करायचे त्यालाच थोपवून धरायचे! रोगाशी 'झुंज' देण्याची आपली सर्व भाषा येथे अपुरी पडते. अशा रणभूमीच्या जोडीला 'हसरी' हे विशेषण ठेवणाऱ्या लेखिकेने त्या भाषेची मर्यादा ओळखली होती, असे आम्हांस वाटते.

तिसरे, नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची'. ऐन उमेदीच्या वयात कमरेखालचे शरीर लुळे पडले. येथे पूर्ववत होणे हा शेवट संभवतच नाही. त्यांना धीर मिळाला तो स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या सहवासात. आणि १९८४ साली कोल्हापुरात त्यांनी स्थापन केलेल्या 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' या संस्थेमुळे तो पुढे अनेकांपर्यंत पोहोचला. एकाकी मनाच्या खोल विहिरीतून धैर्य उपसले जाते, ही आपली समजूत या पुस्तकापुढे टिकत नाही. धैर्य येथे हातोहात दिले-घेतले जाते.

या तिन्ही लेखनांतून आम्हांस एकच निकष हाती लागतो. दुखण्याविषयीचे जे लेखन भीती, परावलंबन आणि तडजोड यांना जागा देते, ते वाचकाला बळ देते. जे त्यांना वगळून केवळ विजयगाथा सांगते, ते वाचकाला लाजविते. कोणी म्हणेल, खचलेल्या रुग्णाला विजयगाथाच हवी असते. काही घटकांपुरते हे खरे असेल. परंतु शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी कूस बदलताना ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, त्याला वीरपुरुष परका वाटतो. आपल्यासारखाच रडून पुन्हा कूस बदलणारा माणूस मात्र जवळचा वाटतो.

शिक्षकबंधुभगिनींनी या गोष्टीचा विशेष विचार करावा. असे उतारे वर्गात शिकविताना 'यावरून कोणता बोध मिळतो?' हा प्रश्न ठरलेला असतो, आणि 'जिद्द असेल तर सर्व शक्य आहे' हे उत्तरही ठरलेले असते. सुरतेत मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत आणि त्यांत मागावर राबणाऱ्या खानदेशी माणसांची मुले येतात. ज्याचा बाप दुखण्याने गेला असे एखादे मूल त्या वर्गात बसलेले असेल. ते ठरलेले उत्तर त्याने वहीत कसे उतरवून घ्यावे, याचा विचार करूनच आपण फळ्यावर खडू टेकवावा.