हरकती मोजून काय कळतं?

शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या शहरी योजनांवरून लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. ‘सल्लामसलत’ खालून चौथी: लोक बोलतात, पण ऐकलं जाईलच याची हमी नाही. आपल्याकडे प्रभाग रचनेवर मागवतात त्या ‘हरकती व सूचना’ याच पायरीच्या.

शिडी पायरी सांगते, पण निर्णय कुठे बदलला ते सांगत नाही. तेव्हा ‘हरकती भरपूर, म्हणजे सहभाग चांगला’ असं प्रबंधात लिहू नका. प्रारूप आणि अंतिम रचना शेजारी ठेवा. कोणती सीमा सरकली, कुणाच्या हरकतीवरून? फेटाळलेल्या हरकतींना कारण दिलंय का? कारण नसेल, तर सुनावणी म्हणजे नुसती पोचपावती. मोजायचं ते हे.