सेनेका व पौल यांचा पत्रव्यवहार : कर्तृत्वाची चिकित्सा

रोमन तत्त्ववेत्ता सेनेका आणि ख्रिस्ती प्रेषित पौल यांनीं एकमेकांस लिहिलेलीं म्हणून लॅटिन भाषेंतील १४ पत्रें प्रसिद्ध आहेत. पैकीं ८ सेनेकाच्या व ६ पौलाच्या नांवावर आहेत. त्यांच्या सुमारें ३०० हस्तलिखित प्रती उपलब्ध असून त्यांतील सर्वांत जुन्या ९ व्या शतकांतील आहेत. प्रतींची ही विपुलता आणि संत जेरोमसारख्या विद्वानाची साक्ष, एवढ्या बळावर मध्ययुगांत हीं पत्रें अस्सल मानलीं गेलीं. हीं दोन्ही प्रमाणें किती वजनाचीं आहेत, हें तपासून पाहणें संग्राहकांस उपयुक्त होईल.

जेरोमनें इ. स. ३९२ च्या सुमारास ख्रिस्ती ग्रंथकारांची चरित्रमाला रचिली. तींत त्यानें सेनेकास स्थान दिलें तें या पत्रांमुळेंच. तीं पुष्कळ लोक वाचतात, असें तो सांगतो. यावरून सिद्ध होतें तें इतकेंच कीं, त्या वेळीं पत्रें अस्तित्वांत होतीं. सेनेका इ. स. ६५ त मरण पावला. मध्यंतरीं सव्वातीनशें वर्षें लोटलीं होतीं. पुढें नकलकारांनीं जेरोमचा हा उतारा अनेक पोथ्यांत पत्रांच्या आरंभींच लिहून ठेविला. साक्षीदार मूळचा एकच. परंतु प्रत्येक नकलेबरोबर तो पुनः उभा राहिला आणि वाचकांस अनेक साक्षीदारांचा भास झाला.

उलट पक्षीं लाक्टांशियसचें मौन फार बोलकें आहे. हा ख्रिस्ती लेखक ४ थ्या शतकाच्या आरंभींचा व सेनेकाचा चाहता. कोणी मार्ग दाखविला असता तर सेनेका खरा ईश्वरभक्त झाला असता, अशा आशयाचें तो लिहितो. पौलाचा पत्रव्यवहार ठाऊक असतां हें वाक्य त्यानें लिहिलेंच नसतें. तेव्हां लाक्टांशियस व जेरोम यांच्या मधल्या काळांत हीं पत्रें रचिलीं गेलीं, हें अनुमान बळकट ठरतें. ऑगस्टीनला पत्रांची माहिती होती; तरी आपल्या 'ईश्वराचें नगर' या ग्रंथांत, सेनेकानें ख्रिस्ती लोकांविषयीं बरें वा वाईट कांहींच म्हटलें नाहीं, असें तो नमूद करितो.

अंतःप्रमाणही याच बाजूचें आहे. सेनेकाचा बंधु गल्लियो करिंथ येथें प्रांताधिकारी असतां पौलास त्याच्यासमोर उभें करण्यांत आलें होतें. पण १४ पत्रांत त्याचा उल्लेखही नाहीं. एका पत्रांत रोमच्या आगीचें वर्णन असून त्यावर इ. स. ६४ च्या २८ मार्चची मिति आहे. आग तर त्या वर्षीं जुलैंत लागली! मात्र हें पत्र कांहीं विद्वान् निराळ्या हातचें मानितात. म्हणून एवढ्या एका चुकीवरून सर्व पत्रांचा निकाल लावणें न्याय्य नव्हे. भाषेचा पुरावा अधिक व्यापक आहे. येथें सेनेका पौलास लॅटिन सुधारण्याचा उपदेश करितो, शब्दसंपत्तीवरील पुस्तकही पाठवितो. आणि उपदेशकाची स्वतःची लॅटिन मात्र खऱ्या सेनेकाच्या जवळपासही येत नाहीं.

इरॅस्मसनें १५२९ च्या बाझल येथील आवृत्तींत हीं पत्रें बनावट ठरविलीं, तरी छापण्याचें टाळलें नाहीं. क्लॉड बार्लो यानें १९३८ त त्यांची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. हीच रीत आम्हांस ग्राह्य वाटते. पौलाचे विचार थोर, पण भाषा ओबडधोबड, ही टोंचणी ४ थ्या शतकांतील सुशिक्षित ख्रिस्ती मनास लागलेली होती, असें या पत्रांवरून दिसतें. सेनेकाविषयीं तीं खोटीं. आपल्या अज्ञात कर्त्याच्या काळाविषयीं अस्सल. बनावट म्हणून कागद टाकून देणारा संग्राहक आणि जुना म्हणून तो खरा मानणारा संग्राहक, दोघेही पुराव्याचा सारखाच नाश करितात.