‘चक्रीय अर्थव्यवस्था’ : एका परिभाषेचे परीक्षण

घनकचऱ्याच्या जागतिक चर्चेत ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. चीनने २००८ साली तिच्या नावाने कायदा केला. युरोपीय संघाने २०१५ मध्ये कृतियोजना मांडली. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१६ साली जगात सुमारे २०१ कोटी टन नागरी घनकचरा निर्माण झाला. प्रश्नाच्या गांभीर्याविषयी दुमत संभवत नाही. आमचा आक्षेप आहे तो मराठी परिभाषेवर.

‘चक्रीय’ हे विशेषण आकार सांगते, चक्र फिरविणारा हात सांगत नाही. मराठीतील जुने शब्द क्रियेचे आहेत. मावळातील वराळे हे इंद्रायणीकाठचे गाव घ्यावे. या भातपट्ट्यात पावसापूर्वी राब भाजण्याची रीत आहे : शेण, वाळलेला पाला, गवत वाफ्यावर पसरून जाळावयाचे आणि तेथेच रोपांसाठी भात पेरावयाचा. (धूर व कवळतोड हे तिचे दोष झाकण्याचे कारण नाही.) उकिरडाही मुळात खताची साठवण, आज त्याची केवळ शिवी उरली आहे. ‘मोडीत काढणे’ याचीही तीच गत. जुने भांडे तांबटास मोड म्हणून द्यावे, त्याचे मोल नव्या भांड्यात वळते व्हावे, हा व्यवहार. आता कायदे नि संस्था मोडीत काढतात, म्हणजे संपवितात.

तथापि उकिरड्याचा गौरव करून भागणार नाही. त्यात प्लास्टिक कुजत नाही, आणि केर उचलण्याचे काम जातीने व स्त्रीत्वाने वाटलेले होते, हे विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणून पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या संघटनेचे नाव आम्हांस महत्त्वाचे वाटते. त्यात तीन वस्तू आहेत, कष्टकरी आहे. ‘कचरा’ हा शब्दच नाही. भेद केवळ शाब्दिक नव्हे. सारेच ‘कचरा’ ठरले की वजनावर वाहून नेणाऱ्या ठेकेदाराचा त्यावर अधिकार पोचतो. कागद व पत्रा म्हटले की वेचणारीचा हक्क दिसू लागतो.

रूढ ‘ओला’ व ‘सुका’ या शब्दांकडेही असेच पाहावे. वराळ्यात राबासाठी गोळा केलेला वाळका पाला या वर्गीकरणात ‘ओला’ ठरतो आणि पावसात भिजलेली प्लास्टिकची पिशवी ‘सुकी’. गृहिणीचा गोंधळ होतो तो अज्ञानाने नव्हे; शब्दाचा अर्थ तिला ठाऊक असतो म्हणून. २०१६ च्या नियमांनी भेद केला होता तो कुजणारा, न कुजणारा व घरगुती घातक असा.