अंतर्गत स्पर्धा, प्रसिद्धी आणि राजकीय 'मध्य' : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

निवडणुकीच्या राजकारणात पक्ष अखेरीस मध्याकडे सरकतात, हे राज्यशास्त्रातील एक प्रचलित गृहीतक आहे. अँथनी डाउन्स यांनी 1957 साली 'ॲन इकॉनॉमिक थिअरी ऑफ डेमोक्रसी' या ग्रंथात त्याची सुसूत्र मांडणी केली. पक्ष दोन असतील आणि मतदारांची मते एकाच रेषेवर मांडता येत असतील, तर बहुमतासाठी दोन्ही पक्षांना रेषेच्या मध्यावरील मतदाराची मनधरणी करावी लागते, असा तिचा आशय आहे. अमेरिकेत उमेदवाराला आधी स्वपक्षीयांची 'प्रायमरी' जिंकावी लागते. तेथे कडवा सूर लावावा आणि सार्वत्रिक निवडणुकीत तो मवाळ करावा, ही तेथील परिचित प्रचारनीती याच गृहीतकावर उभी आहे. मध्याची जागा निवडणुकीपूर्वीच निश्चित असते, ही समजूत यात अध्याहृत आहे. मुंबई उपनगरांचा गेल्या चार दशकांचा अनुभव या समजुतीला छेद देतो.

प्रायमरीविना प्रायमरी

भारतात प्रायमरी नाही. उमेदवारी पक्षनेतृत्व ठरवते. त्यामुळे एकाच मतपेढीवर हक्क सांगणाऱ्यांमधील 'खरा वारसदार कोण' हा वाद पक्षांतर्गत मतदानाने मिटत नाही. तो थेट सार्वत्रिक निवडणुकीत उतरतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव यांचा समावेश असलेल्या मुंबई वायव्य मतदारसंघात शिवसेनेच्याच दोन गटांचे उमेदवार समोरासमोर होते आणि निकाल अवघ्या 48 मतांनी लागला. अमेरिकी पद्धतीत ज्या दोन पायऱ्या आहेत, त्या येथे एकच होतात. साहजिकच पहिल्या पायरीवरचा कडवा सूर मवाळ करण्यासाठी दुसरी पायरी उरत नाही.

विलेपार्ले, 1987

डिसेंबर 1987 मधील विलेपार्ले विधानसभा पोटनिवडणूक हे या प्रक्रियेचे पहिले ठळक उदाहरण होय. शिवसेना-पुरस्कृत डॉ. रमेश प्रभू यांच्या प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी उघडपणे हिंदुत्वाच्या नावाने मते मागितली. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे पराभूत झाले. भारतीय जनता पक्षाने या निवडणुकीत शिवसेनेच्या विरोधात जनता पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा दिला होता, ही बाब विशेष लक्षणीय आहे. 1989 साली मात्र याच दोन पक्षांची युती झाली. दरम्यान 23 जानेवारी 1988 रोजी 'सामना' दैनिक सुरू झाले होते आणि सभेतील भाषेला रोजचे मुखपत्र लाभले होते.

मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 1989 मध्ये ही निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1995 रोजी तो निर्णय कायम केला आणि पुढे 1999 साली ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. तथापि ज्या विधानसभेसाठी ही निवडणूक झाली, तिची मुदत 1990 मध्येच संपली होती आणि 1995 साली राज्यात युतीचे सरकार होते. 1987 साली जी प्रचारभाषा भाजपलाही दूरची वाटली, ती आठ वर्षांत सत्ताधाऱ्यांची नित्याची भाषा झाली. कायद्याने प्रचारातील गैरवर्तनाला शिक्षा दिली. सरकलेला मध्य पूर्ववत करणे त्याच्या कक्षेत नव्हते.

'मी मुंबईकर' ते 2009

मध्याकडे सरकण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. 2003 साली उद्धव ठाकरे यांनी 'मी मुंबईकर' ही अमराठी रहिवाशांनाही सामावून घेऊ पाहणारी मोहीम आखली. त्याच वर्षी रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी आलेल्या बिहारी उमेदवारांना शिवसैनिकांनी मारहाण केली आणि मोहिमेतील हवाच गेली. 9 मार्च 2006 रोजी राज ठाकरे यांनी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची स्थापना केली, तेव्हा मराठीच्या प्रश्नावर शिवसेनेने सैल सोडलेली जागा त्यांच्यासाठी मोकळी होती.

याच सुमारास मराठी वृत्तवाहिन्यांचा विस्तार झाला. 'झी 24 तास' व 'स्टार माझा' 2007 मध्ये, तर 'आयबीएन लोकमत' 2008 मध्ये सुरू झाली. अखंड बातमीला अखंड दृश्य लागते. 2008 च्या फेब्रुवारीतील उत्तर भारतीयांविरोधी हिंसाचार आणि ऑक्टोबरमध्ये रेल्वे परीक्षार्थींना झालेली मारहाण यांनी ते पुरवले. वाहिन्यांवर निषेधही झाला. परंतु निषेधामुळेही प्रश्नाची मालकी आंदोलकाकडेच राहिली. अन्य प्रत्येक पक्षाला 'यावर तुमची भूमिका काय' असे विचारले जाऊ लागले आणि मौन हीदेखील एक भूमिका ठरू लागली.

2009 च्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईत राष्ट्रवादीचे संजय दिना पाटील यांनी भाजपचे किरीट सोमय्या यांचा सुमारे 2,900 मतांनी पराभव केला. मनसेचे शिशिर शिंदे यांना सुमारे 1 लाख 95 हजार मते मिळाली. उत्तर मुंबईत राम नाईक सुमारे 5,800 मतांनी हरले. तेथेही मनसेच्या उमेदवाराची मते जवळपास दीड लाख होती. विजयी ठरले ते शिवसेनेतून 2005 साली काँग्रेसमध्ये गेलेले संजय निरुपम. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत मनसेच्या 13 जागांपैकी विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम आणि मागाठाणे या चार जागा उपनगरांतील होत्या.

या आकड्यांवरून 'कडवेपणाचा लाभ मवाळ पक्षांना झाला' असा निष्कर्ष काढला जातो. जागांपुरता तो खरा आहे. भूमिकांच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही. मुंबई सर्व भारतीयांची आहे, असे म्हणणाऱ्या सचिन तेंडुलकर यांच्यावर नोव्हेंबर 2009 मध्ये 'सामना'तून टीका झाली. 'मी मुंबईकर'ची शिवसेना सहा वर्षांत कोठून कोठे आली, हे त्यातून दिसते. जानेवारी 2010 मध्ये तर काँग्रेस आघाडीच्याच मंत्रिमंडळाने नव्या टॅक्सी परवान्यांसाठी मराठी लिहिता-वाचता येण्याची अट जाहीर केली आणि टीकेनंतर मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना लगेच सारवासारव करावी लागली. जिंकलेला पक्षही हरलेल्याच्या प्रश्नपत्रिकेची उत्तरे लिहीत होता.

मर्यादा

प्रसिद्धी म्हणजे टिकाऊ ताकद नव्हे, हा आक्षेप येथे रास्त आहे. 2014 मध्ये मुंबईतील 36 पैकी एकही जागा मनसेला मिळाली नाही; घाटकोपर पश्चिमची जागा राम कदम यांनीच, परंतु भाजपतर्फे, जिंकली. म्हणजे संघटना ओसरली. प्रश्न मात्र ओसरला नाही. पहिलीपासून हिंदी शिकवण्यासंबंधीचे शासननिर्णय 29 जून 2025 रोजी सरकारने मागे घेतले. भाषातज्ज्ञ, शिक्षक व पालकांचा विरोध त्यामागे होताच. तथापि 2024 मध्ये एकही आमदार निवडून न आलेल्या मनसेचा आवाजही त्यात मोठा होता. 5 जुलै रोजी वरळीत दोन्ही ठाकरे बंधू एका मंचावर आले.

निष्कर्ष

उपनगरांतील राजकीय मध्य मतदारांच्या सरासरी मतावरून ठरत नाही. कोणता प्रश्न चर्चेत राहणार, यावर तो ठरतो. आणि प्रश्न चर्चेत ठेवण्याचे सामर्थ्य मतपेढीच्या वारशासाठी झगडणाऱ्यांकडे व त्यांना दृश्यमान करणाऱ्या माध्यमांकडे असते. याची किंमत दोघे मोजतात. परप्रांतीय टॅक्सीचालक वा परीक्षार्थी ती अंगावर मोजतो, हे उघड आहे. दुसऱ्याची फारशी दखल घेतली जात नाही. मराठीला शाळेत, कचेरीत व नोकरीत मानाचे स्थान हवे, पण त्यासाठी कोणाला मारहाण नको, असे मानणारा मुलुंड-बोरिवलीचा मतदार संख्येने कितीही असला, तरी त्याची मागणी दृश्य पुरवत नाही. क्षेपणभूमी, लोकलमधील गर्दी, रखडलेला पुनर्विकास हे त्याचे प्रश्नही त्याच कारणाने मागे पडतात. मध्य रिकामा दिसतो तो तेथे माणसे नाहीत म्हणून नव्हे. त्यांच्या वतीने प्रश्न विचारणाऱ्याला आजच्या स्पर्धेत जागा नाही म्हणून.