नेताजी पालकर : निष्ठेच्या प्रश्नाचे चिकित्सक वाचन

कोंडाणे लेण्यांमुळे परिचित असलेल्या कर्जत-खालापूर परिसरात चौक हे नेताजी पालकरांचे जन्मगाव मानले जाते. मात्र स्वराज्याच्या या सरनोबताविषयीचे बहुतांश लेखन 'प्रतिशिवाजी' आणि 'फितूर' या दोन विशेषणांमध्येच अडकून पडलेले दिसते. कादंबरी व नाटक यांनी ही विशेषणे वापरणे समजण्यासारखे आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनीही त्यांवरच समाधान मानावे, हे खटकणारे आहे.

सभासद बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिली गेली. तिच्यानुसार नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत म्हणून महाराजांनी त्यांची सरनोबती काढली व ती कडतोजी गुजर यांना 'प्रतापराव' या नावाने दिली. प्रसंग जानेवारी १६६६ मधील पन्हाळ्यावरील अयशस्वी हल्ल्याचा आहे. येथे घटनांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी पद गेले, मग सेवक गेला. लोकप्रिय लेखनात मात्र हा क्रम अनेकदा उलटा होतो आणि बडतर्फीच्या जागी विश्वासघात येऊन बसतो.

नेताजी प्रथम विजापूरकरांकडे गेले. तेथून मिर्झाराजे जयसिंगांनी मार्च १६६६ मध्ये पंचहजारी मनसब, जहागीर व अडतीस हजार रुपये रोख देऊन त्यांना मोगलांकडे वळविले. या वेळी स्वतः महाराज कोठे होते? जून १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर ते विजापूरच्या मोहिमेत मोगलांसोबत होते. मार्चमध्ये ते आग्र्याच्या वाटेला लागले होते, आणि संभाजीराजे मोगलांचे पंचहजारी मनसबदार होते. म्हणजे नेताजींनी जी चाकरी पत्करली, ती त्या घटकेस त्यांच्या पूर्वस्वामींच्या शत्रूची नव्हती. विजापूरकडे जाणे ही गोष्ट वेगळी, आणि खरा आक्षेप घ्यायचाच तर तो तेथे घ्यावा लागतो. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या वृत्तांतात, आग्र्याच्या दरबारात दुय्यम रांगेत उभे केल्यावर महाराजांनी रोष व्यक्त करताना आपला मुलगा पंचहजारी, आपला चाकर नेताजीही पंचहजारी, असा उल्लेख केला. सोडून गेलेल्या सरदाराला 'आपला चाकर' म्हणणारे हे वाक्य 'फितूर' या शब्दाच्या समर्थकांनी पुन्हा वाचण्यासारखे आहे.

मध्ययुगातील स्वामिनिष्ठा राष्ट्रनिष्ठेच्या मापाने मोजता येत नाही. फ्रान्सच्या फिलिप राजाने १२०४ मध्ये नॉर्मंडी जिंकल्यावर अँग्लो-नॉर्मन सरदार विल्यम मार्शल याने तेथील जमिनी राखण्यासाठी फिलिपची सेवा पत्करली, इंग्लंडच्या जॉनचाही तो सरदार राहिला, आणि १२१६ मध्ये जॉनच्या बालपुत्राचा राज्यपालक झाला. त्याच्याजवळ दोन राज्यांत जमीन होती. नेताजींजवळ तशी जमीन नव्हती. त्यांच्याजवळ होते ते तलवारीचे नाव. हा फरक लहान नाही. वतनदाराला दोन्हीकडे पाय ठेवता येतो, सेनानायकाला प्रत्येक वेळी एकच बाजू निवडावी लागते.

महाराज ऑगस्ट १६६६ मध्ये आग्र्याहून निसटले आणि नेताजींची मनसब संशयास्पद ठरली. ते पूर्वस्वामींना जाऊन मिळतील या भीतीने त्यांना कैद करण्यात आले. कैदेतच धर्मांतर झाले व १६६७ मध्ये ते मुहम्मद कुली खान या नावाने बादशाही सेवेत रुजू झाले; पुढे काबूलच्या बाजूला त्यांची रवानगी झाली. हे धर्मांतर स्वेच्छेचे की सक्तीचे, हा वाद कैदेची वस्तुस्थिती पुढे ठेवली की फारसा उरत नाही.

नेताजी १६७६ मध्ये परत आले. जून महिन्यातील त्यांच्या प्रायश्चित्ताची नोंद जेधे शकावलीत एका ओळीत आहे. या ओळीवर शुद्धीकरणाच्या समर्थनार्थ विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने तिच्या राजकीय बाजूकडे दुर्लक्षच झाले. दहा वर्षे मोगली सैन्यात राहिलेल्या माणसाला राज्याभिषेकानंतर दोनच वर्षांत परत स्वीकारणे, हा छत्रपतींचा निर्णय धाडसाचा होता. त्या निर्णयाला मर्यादाही होती. प्रायश्चित्त मिळाले, सरनोबती मिळाली नाही. ती १६७४ पासून हंबीरराव मोहिते यांच्याकडे होती आणि त्यांच्याकडेच राहिली.