रामाचा आशीर्वाद आणि १८७१चा कायदा

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. तो ‘नालसा’ निकाल कायद्याच्या अंगाने बराच चर्चिला गेला. मी तो कथा वाचावी तसा वाचते, कारण त्यात एक कथा आहेच. वनवासाला निघालेला राम मागे आलेल्या स्त्रीपुरुषांना परत फिरायला सांगतो. हिजडे दोहोंत मोडत नाहीत, म्हणून तेवढे मागे फिरत नाहीत. राम त्यांना शुभप्रसंगी आशीर्वाद देण्याचं सामर्थ्य देतो. (लोकांत फिरणाऱ्या कथेत ते चौदा वर्षं नदीकाठी थांबतात. वाल्मीकींकडे हे काही नाही.) निकालात पुढे मुघल दरबार येतो आणि मग १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा.

यांतला कोणता धागा कोण उचलतो, त्यावर त्याचं राजकारण ठरतं, असं मला दिसतं. नुसत्या लिंगओळखीने ते ठरत नाही.

लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात हस्तक्षेप अर्जदार होत्या. २०१५मध्ये त्यांच्या पुढाकाराने किन्नर आखाडा उभा राहिला आणि २०१९च्या प्रयागराज कुंभात त्याने जुना आखाड्यासोबत स्नान केलं. ज्यांना घरच्या देवघरातही जागा उरत नाही, त्यांनी साधूंच्या मिरवणुकीत मानाने चालणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आपले पुरोगामी टीकाकार हे फार पटकन विसरतात. पण त्या मानाची किंमतही दिसली. २०१८मध्ये त्यांनी अयोध्येतल्या राममंदिराला पाठिंबा दिला, तेव्हा तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी आणि अनेक गटांनी जाहीर निषेध केला. तो मला रास्त वाटतो. हिजड्यांच्या घराण्यांत गुरू-चेल्याचं नातं धर्म ओलांडत आलं आहे. बहुचरामातेला मानणारे अजमेरच्या उरुसालाही जातात. तिथल्या मुसलमान चेल्याने आखाड्यात कुठे बसायचं?

दिशा पिंकी शेख भटक्या समाजातून आलेल्या कवयित्री. २०१९मध्ये त्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. त्यांची वाट मला त्या जुन्या कायद्याशेजारून जाताना दिसते. त्याचा पहिला भाग ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींचा, दुसरा हिजड्यांचा. सरकारी नोंदवहीत नाव आणि पोलिसांची पाळत दोघांच्याही वाट्याला आली. म्हणजे इथे हिजडा एकटा उभा नाही, त्याच्याशेजारी जातीने मारलेली माणसं आहेत. आशीर्वादाच्या कथेत हे शेजारी नाहीत. तिथे हिजड्यांना अयोध्येत घरही मिळत नाही. दुसऱ्याच्या घरी बारशाला, लग्नाला जाऊन आशीर्वाद द्यायचा अधिकार तेवढा मिळतो.

त्याच निकालात तृतीयपंथीयांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण देण्याचा आदेश आहे. त्याबद्दल ग्रेस बानू यांच्यासारख्या दलित कार्यकर्त्या मागतात ते समांतर आरक्षण: अनुसूचित जातीतल्या तृतीयपंथीयाला अनुसूचित जातीच्याच जागांत वेगळा वाटा, ओबीसीला ओबीसींत. आखाड्याच्या मिरवणुकीवर जेवढे रकाने भरले, त्याच्या पासंगालाही या मागणीवरचं मराठी लेखन पुरत नाही.