गुलमर्गचा बर्फ नेमका कुठे आणि कधी मोजायचा?

गुलमर्गमध्ये जागतिक दर्जाचं स्की डेस्टिनेशन होण्याची प्रचंड क्षमता आहे, अशा अर्थाचं वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. पर्यटनावरचे लेख असोत, विकासाचे आराखडे असोत किंवा विद्यार्थ्यांची रिसर्च प्रपोजल्स, सुरुवात बऱ्याचदा याच धर्तीची. हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ते तपासताच येत नाही. 'क्षमता' म्हणजे काय, ती कशात मोजायची, हे ठरवल्याशिवाय पुढचं सगळं संशोधन वाळूवर उभं राहतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. गुलमर्ग म्हणजे पीर पंजाल रांगेतलं सुमारे 2,650 मीटर उंचीवरचं बशीसारखं खोलगट कुरण. तिथे स्कीइंग ब्रिटिश काळापासून आहे. 1948 मध्ये लष्कराने स्कीचं प्रशिक्षण सुरू केलं. गोंडोलाचा पहिला टप्पा 1998 मध्ये कोंगडूरीपर्यंत झाला आणि दुसरा 2005 मध्ये अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळपास 3,950 मीटरवर. 2020 पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही इथे होऊ लागल्या. थोडक्यात, हे कागदावरचं स्वप्न नाही. म्हणूनच त्याची चिकित्सा नीट व्हायला हवी.

पहिली गडबड मोजमापाची. स्कीइंगचं यश सांगताना आकडा दिला जातो तो गोंडोलात बसलेल्या पर्यटकांचा. पण गोंडोला उन्हाळ्यातही चालतो. हिवाळ्यातही त्यात बसणारे बरेच जण बर्फ बघायला, फोटो काढायला आलेले असतात, पायात स्की न बांधताच परत जातात. हा आकडा पर्यटनाचा आहे, स्कीइंगचा नाही. सोपा मिळतो म्हणून वापरला जातो, इतकंच. संशोधनात या मोहापासून जपायचं असतं.

दुसरी गडबड सरासरीची. समजा, एका हिवाळ्यात 4 मीटर बर्फ पडला आणि पुढच्यात 1 मीटर. सरासरी अडीच मीटर, पण असा हिवाळा प्रत्यक्षात एकही नव्हता! आल्प्समधल्या अभ्यासांत यावर एक निकष वापरतात: 10 पैकी किमान 7 हिवाळ्यांत, 1 डिसेंबर ते 15 एप्रिल या काळात, किमान 100 दिवस 30 ते 50 सेंटिमीटर बर्फ जमिनीवर असला पाहिजे. इथे प्रश्न 'किती पडला' हा नाही, तर 'किती दिवस टिकला आणि किती वर्षं भरवशाचा होता' हा आहे.

गुलमर्गला हा फरक फार महागात पडतो. 21 डिसेंबरपासूनचे 40 दिवस म्हणजे चिल्लई कलान, काश्मीरच्या थंडीचा ऐन काळ. जानेवारी 2024 मध्ये नेमक्या याच काळात गुलमर्गचं मैदान बहुतांशी उघडं होतं आणि बर्फ महिनाअखेरीस आला. 2025 मध्ये फेब्रुवारीअखेरच्या खेलो इंडिया स्पर्धा बर्फ पुरेसा नाही म्हणून पुढे ढकलल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. बर्फ दोन्ही वर्षी आला, पण तारीख चुकली. हंगामाच्या एकूण बेरजेत ही चूक दिसतच नाही.

तिसरी गडबड जागेची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शितावरून भाताची परीक्षा करतात, कारण सगळा भात एकाच भांड्यात शिजलेला असतो. गुलमर्गचं तसं नाही. खालचं मैदान आणि अफरवटचा खांदा यांत सुमारे 1,300 मीटरचं अंतर आहे. दर किलोमीटर चढाला तापमान साधारण 6.5 अंशांनी उतरतं असं धरलं तर वर 8 अंशांहून जास्त थंडी. खाली पाऊस पडत असताना वर बर्फ पडू शकतो. शिवाय खाली गवत आहे, त्यावर थोडा थर पुरतो. वर खडक आहेत, ते झाकायला कितीतरी जास्त बर्फ लागतो. म्हणजे आल्प्सचा 30 सेंटिमीटरचा आकडा उचलून इथे चिकटवणं हीसुद्धा चूकच. निकषाची कल्पना घ्या, पण उंबरठा इथल्या जमिनीवर ठरवा.

आता थोडं आपल्या बाजूच्या लोकांबद्दलही. कोरड्या जानेवारीचा एक फोटो टाकून 'हवामान बदलाने गुलमर्ग संपलं' म्हणणारेही तितकेच घाईत असतात. एका हिवाळ्यावरून कल ठरत नाही. त्याला दशकांच्या नोंदी लागतात, शिवाय हिवाळ्यात बर्फ आणणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचं दरवर्षीचं चढउतार वेगळं काढावं लागतं. निष्कर्ष आपल्या आवडीचा आहे म्हणून पुराव्याला सूट मिळत नाही.

हे सगळं फक्त पद्धतीचं पांडित्य आहे का? अजिबात नाही. तंगमर्गच्या बाजूने वर येणारे स्लेजवाले, घोडेवाले आणि गाईड यांची कमाई दिवसावर असते. डिसेंबर-जानेवारीत बर्फ नसेल तर मार्चमध्ये पडलेला 2 मीटर बर्फ त्यांचे गेलेले दिवस परत आणत नाही. वरचा पट्टा भरवशाचा निघाला, तरी तिथे उतरणारा म्हणजे तयारीचा स्कीअर. स्लेजवाल्याचं गिऱ्हाईक खालच्या मैदानावरच असतं. 'गुलमर्गला भविष्य आहे' हे वाक्य एकाच वेळी वरच्यासाठी खरं आणि खालच्यासाठी खोटं असू शकतं.

म्हणून अशा विषयावर प्रपोजल लिहिणार असाल तर 'क्षमता' हा शब्द खोडा आणि त्या जागी तीन प्रश्न लिहा: किती उंचीवर? कोणत्या तारखांना? कोणासाठी? या तिन्हींची उत्तरं लिहिता आली, तर तुमच्या हातात संशोधनाचा प्रश्न आहे. नाही आली, तर तूर्तास ती पर्यटनाची जाहिरात आहे.